लूसी री यांचं खड्ड्यांचं ग्लेझ आणि नाशिकचा काळा दगड: प्रकल्प नोंदी

१८ जून

सत्राचा प्रकल्प ठरला: एका सिरॅमिक कलाकाराचं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) केलेलं काम निवडायचं आणि त्याला आपल्या हातानं उत्तर द्यायचं. मी लूसी री यांचं काम घेतलं. जन्म १९०२, व्हिएन्ना. नाझींमुळे १९३८ मध्ये देश सोडून लंडनला आल्या आणि हाइड पार्कजवळ अल्बियन म्यूजमधल्या छोट्याशा जागेत पुढची पन्नासेक वर्षं काम करत राहिल्या. युद्धाच्या काळात पोटापाण्यासाठी सिरॅमिकची बटणं केली. १९९५ मध्ये गेल्या. त्यांची मूळ भांडी मी पाहिलेली नाहीत. लायब्ररीतल्या पुस्तकांतले फोटो, एवढंच माझ्याजवळ आहे.

त्यांच्या कामातल्या दोन गोष्टींवर माझं मन बसलं. पहिली, कच्च्या भांड्यावरच ग्लेझ. नेहमीच्या पद्धतीत भांडं आधी साधारण हजार अंशांपर्यंत भाजतात, मग ग्लेझ लावून पुन्हा भाजतात. री वाळलेल्या कच्च्या भांड्यावर ब्रशनं ग्लेझ चढवायच्या आणि इलेक्ट्रिक भट्टीत १२५० अंशांच्या आसपास एकदाच भाजायच्या. दुसरी, त्यांचं ज्वालामुखी म्हणून ओळखलं जाणारं ग्लेझ. त्यात सिलिकॉन कार्बाइड असतं. तापल्यावर त्यातून वायू सुटतो, वितळलेल्या ग्लेझमधून बुडबुडे फुटतात आणि खड्डे राहतात.

मॅडमनी विचारलं, "खड्डेच हवेत तर नॅट्झलर का नाही घेत?" गर्ट्रूड आणि ओटो नॅट्झलर हे जोडपंही व्हिएन्नाचंच, तेही १९३८ लाच निघालं आणि लॉस एंजेलिसला गेलं. गर्ट्रूड चाकावर, ओटो ग्लेझवर. त्यांचं खड्ड्यांचं ग्लेझ जबरदस्तच आहे. पण मला एकाच भाजणीतलं काम हवं होतं. भाड्याच्या भट्टीत एक भाजणी वाचली की विद्यार्थ्याचे निम्मे पैसे वाचतात, हे कारणही खरंच आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकली. री यांची बारीक बुडाची, रुंद काठाची वाटी करायची नाही आणि त्यांचा पांढरा रंगही आणायचा नाही. कॉलेजात "प्रतिसाद" म्हणजे बहुतेक वेळा तसंच भांडं थोडं कमी चांगलं केलेलं असतं. त्यातून त्या कलाकाराचंही काही कळत नाही आणि आपलंही.

२३ जून

विल्होळीच्या पुढे एका खडीच्या क्रशरवरून गोणीभर डस्ट आणली. पैसे घेतले नाहीत, "कशाला पाहिजे?" एवढंच विचारलं. ही डस्ट म्हणजे आपला काळा बेसाल्ट, दख्खनच्या पठाराचा दगड. यात लोह भरपूर असतं आणि हा दगड स्टोनवेअरच्या (१२०० अंशांच्या वर भाजलेल्या भांड्यांच्या) तापमानाला वितळतो. म्हणजे निम्मं ग्लेझ आयतंच तयार आहे.

दळायला बॉल मिल नाही. खलबत्त्यात कुटून पाहिलं, हात भरून आले आणि भुकटी चमचाभर निघाली. मग नितळून घ्यायचा मार्ग धरला: बादलीत डस्ट, वर भरपूर पाणी, जोरात ढवळायचं, मनात वीस आकडे मोजेपर्यंत थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं. जाड कण तळाशी राहतात, बारीक पीठ पाण्यासोबत निघून येतं. ते दोन दिवस निवळू द्यायचं आणि वरचं पाणी काढून टाकायचं. शेवटी ८० मेशच्या चाळणीतून. चाळणीत जे उरतं त्यावरून चुंबक फिरवला तर लोखंडी कीस चिकटून येतो. तो काढाच, नाहीतर ग्लेझवर गंजासारखे डाग उमटतात. कोरडी डस्ट चाळायची असेल तर मास्क लावूनच.

२ जुलै

टाइलवरच्या चाचण्या आल्या, १२४० अंश. नुसती डस्ट पाण्यात कालवून लावलेली टाइल चकचकीत, काळपट तपकिरी, पातळ थर आहे तिथे मधासारखा पिवळसर रंग. रंग पाहून आनंद झाला. पण जाड थर ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटला, आणि भाजण्याआधी बोट लागलं तिथे लेप भुकटी होऊन झडला होता. वितळतो उत्तम, धरून राहत नाही. बादलीतही तासाभरात तळाशी दगड होऊन बसतो.

शेल्फवरचा ओघळ छिन्नीनं काढला. भट्टीवाल्या ताईंना नवा किल्न वॉश (शेल्फवरचा संरक्षक लेप) लावून दिला.

११ जुलै

कच्च्या भांड्यांना ग्लेझ लावलं, बादलीत बुडवून. पाच मिनिटांत काठाला चिरा. एका भांड्याची भिंत हातातच मऊ होऊन वाकली. कच्ची माती पाणी पिते आणि फुगते, बुडवल्यावर आतून-बाहेरून एकदम पाणी मिळतं, मग ती सुटते.

त्यात पाऊस. गंगापूर रोडवरच्या आमच्या स्टुडिओत भिंतींनाच ओल आलेली, भांडी वाळता वाळत नाहीत. वरून वाळल्यासारखी दिसतात, पण गालाला लावली की गार लागतात. गार लागलं म्हणजे आत ओल आहे. ही परीक्षा इथे सगळे करतात आणि ती चुकत नाही.

१५ जुलै

आज कुंभारवाड्यात गेले होते. ज्या काकांकडे बसले ते गणपतीच्या कामात होते, शाडू मळून ठेवलेली. पण मी आणलेलं चिरलेलं भांडं त्यांनी हातात घेतलं, उलटं केलं, नखानं लेप खरवडला.

"हे नुसतं पीठ आहे. यात चिकण कुठंय?"

मग त्यांनी कोपऱ्यातली कच्ची मडकी दाखवली. त्यांच्यावर काव आधीच फिरवलेली होती. आव्यात जाण्याआधी, कच्च्या मडक्यावर. ती झडत नाही, कारण ती मातीत कालवलेली असते आणि वाळताना मडक्याबरोबरच आकसते. भाजणी एकच. मी लंडनच्या पुस्तकात शोधत होते ती पद्धत इथे रोज चालू आहे, फक्त तापमान निम्म्याच्या आसपास आणि काचेचा थर नाही.

काका म्हणाले, "आधी आतून लाव. रातभर राहू दे. मग बाहेरून. दोन्हीकडनं पाणी पाजशील तर सुटणारच ते." निघताना पिशवीभर पोयटा दिला, नदीकाठचा. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी दोन पणत्या विकत घेऊन आले.

२४ जुलै

पोयट्याचं आणि शेतातल्या काळ्या मातीचं, दोन्हींचं डस्टबरोबर मिश्रण करून पाहिलं. तर्क असा की काळी माती बेसाल्टचीच झिजून झालेली, मग ती जास्त जुळेल.

जुळली नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना प्रमाणाबाहेर आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. लेपाला तशाच भेगा पडल्या आणि भट्टीत ग्लेझ गोळा होऊन मधे नागडी माती उघडी राहिली. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घालूच नका. मी तर ती पूर्णच वगळली.

पोयट्यानं मात्र काम केलं. डस्ट ६०, पोयटा ४०: लेप नखानं निघत नाही, बादलीत लवकर बसत नाही, १२४० ला मऊ चमकेचा गडद तपकिरी रंग. आतल्या बाजूचं ग्लेझ ठरलं. भांड्यांत ओल असतानाच, म्हणजे ती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर, ते आतून ओतून लगेच काढून टाकते. बाहेरून दुसऱ्या दिवशी ब्रशनं.

६ ऑगस्ट

कच्च्या ग्लेझची पहिली पूर्ण भट्टी उघडली. गोदेला पाणी चढलंय, पुलाकडून फिरून यावं लागलं.

एकही भांडं फुटलं नाही, हे आधी सांगते, कारण सगळ्यांना भीती त्याचीच असते. १२० अंशांवर झाकण किंचित उघडं ठेवून तीन तास थांबलो, मग ६०० पर्यंत तासाला ७० अंशांच्या गतीनं. क्वार्ट्झचा ५७३ चा टप्पा त्यातच सावकाश गेला.

पण दोन गोष्टी बिघडल्या. भिंतींवर बारीक टाचणीची भोकं, आणि दोन भांड्यांच्या मातीत आतूनच फुगवटे. ६०० च्या पुढे आम्ही भट्टी पळवली होती. बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजलेल्या, भांड्यातला कचरा, कार्बन आधीच जळून गेलेला असतो. कच्च्या भांड्यात तो अजून आत असतो, आणि त्याच्या वायूंनी ग्लेझ वितळून तोंड बंद व्हायच्या आत बाहेर पडायला हवं. यापुढे ९०० अंशांवर एक तास मुक्काम.

दुसरं, खड्डे नाहीतच. बाहेरच्या ग्लेझमध्ये एक टक्का सिलिकॉन कार्बाइड घातलं होतं, सातपूरच्या पॉलिशिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून २२० नंबरचं, अर्धा किलो. ग्लेझ इतकं पातळ वितळलं की बुडबुडे फुटून पुन्हा सपाट झाले. वर १२४० ला अर्धा तास थांबलो होतो, त्यानं उरलेलेही भरून निघाले. हाती आले फक्त काळे ठिपके. पूर्ण भट्टीचं भाडं, तीन आठवड्यांची भांडी.

७ ऑगस्ट

रात्रभर यावर विचार केला, म्हणून वेगळी नोंद.

वायू तर सुटतोच आहे. प्रश्न ग्लेझच्या घट्टपणाचा आहे. खड्डा टिकायचा तर बुडबुडा फुटल्यावर कडा पुन्हा वाहून येता कामा नयेत. म्हणजे ग्लेझ जाड, चिवट हवं आणि वर थांबायचं नाही. नेहमीच्या ग्लेझमध्ये आपण जे टाळायला धडपडतो तेच इथे हवं आहे. री यांनी हे सगळं इलेक्ट्रिक भट्टीत केलं, जिथे लाकडाची राख नाही, ज्वाला नाही, भट्टी स्वतःहून काहीच देत नाही. जे काही घडायचं ते ग्लेझच्या पोटातच घडवावं लागतं. त्यांच्या भांड्यांपुढे माझा माथा झुकतो तो यासाठी.

१९ ऑगस्ट

टाइल. चायना क्ले १५ टक्के वाढवलं, थोडं व्हाइटिंग (खडूची भुकटी), वर थांबा शून्य. ६०० नंबरचं बारीक कार्बाइड आणलं. फरक लगेच दिसला: २२० नं विखुरलेले मोठे खड्डे आणि काळे कण, ६०० नं सगळीकडे सारखा फेस. पाच टक्के घातलेल्या टाइलवर पापड तळताना येतात तसे फोड, बोट दाबलं की काच कुरकुर फुटते. तीन टक्क्यांच्या वर जाऊ नका.

कार्बाइड ग्लेझमध्ये न घालता खालच्या मातीच्या स्लिपमध्ये (पाण्यात पातळ कालवलेल्या मातीत) घातलं, आणि वरून साधं ग्लेझ. वायू खालून वर ग्लेझ फोडून येतो. खड्डे मोठे, खोल, कडा गोलसर. हाच मार्ग.

३० ऑगस्ट

सिन्नरला गारगोटी संग्रहालयात गेले. आधी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेव्हा फक्त चमकणारे स्फटिक आठवणीत राहिले. यावेळी स्फटिकांच्या आजूबाजूचा दगड पाहिला.

झिओलाइट ज्या पोकळ्यांत वाढले त्या पोकळ्या म्हणजे बुडबुडे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, त्यातला वायू वर चढू लागला, आणि वरचा भाग गोठता गोठता बुडबुडे तिथेच अडकले. नंतर त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. एका थराचं नीट निरीक्षण केलं की दिसतं: वर भोकाभोकांचा दगड, खाली भरीव. परतताना महामार्गाच्या कापलेल्या डोंगरात हेच शोधत बसले. दोन-तीन ठिकाणी स्पष्ट दिसलं.

मी ज्या दगडाची भुकटी वितळवते आहे त्याच्या अंगात ही गोष्ट आधी एकदा घडून गेलेली आहे. तो वितळलेला होता, त्यातून वायू सुटला, खड्डे राहिले. मी तेच पुन्हा करते आहे, भट्टीत, एका रात्रीत.

यावरून भांड्याचं रूप ठरलं. आजवर कार्बाइडची स्लिप सगळीकडे सारखी लावत होते, कारण फोटोंत तसं दिसतं. आता फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्यात लावायची. खांद्यावर दाट, खाली येता येता विरळ, पोटाखाली काहीच नाही. थरासारखं: वर भोकं, खाली भरीव. आणि आकार मडक्याच्या खांद्याचा. त्याला व्यवहाराचंही कारण आहे. उभ्या भिंतीवर जड ग्लेझ घसरतं, आडव्या खांद्यावर बसून राहतं.

९ सप्टेंबर

गणपती. स्टुडिओ बंद. भांडी घरी माळ्यावर, वर्तमानपत्रावर, चांगली वाळली.

२३ सप्टेंबर

शेवटची मोठी भट्टी. संध्याकाळी सुरू केली होती ती भाजणी वाया गेली असती: व्होल्टेज पडलं आणि पारा हजाराच्या वर रेंगाळू लागला. ताईंनी भट्टी बंद करून गार होऊ दिली, आणि दोन दिवसांनी पुन्हा लावली ती अशी की वरचा टप्पा मध्यरात्रीनंतर यावा. कच्ची भांडी हजारापर्यंत जाऊन आल्यामुळे ती आपोआप बिस्क झाली, म्हणजे या फेरीत "एकच भाजणी" म्हणता येणार नाही. सादरीकरणात तसं लिहिलं आहे. वेळापत्रकाबाहेर आठवडा गेला.

भट्टी उघडली. त्यातलं एक भांडं जवळून सांगते. उंची वीतभर. बुड नागडं, करड्या मातीचं. त्यावर ग्लेझ सुरू होतं ते गुळगुळीत, जवळजवळ काळं. पोटापाशी पहिले खड्डे दिसतात, मोहरीएवढे, एकेक सुटे. वर जाताना ते वाढतात, एकमेकांत मिसळतात, खांद्यावर काही तर बोटाचं टोक जाईल एवढे. भिंग लावलं तर मोठ्या खड्ड्यात आणखी लहान खड्डे आहेत. तळाशी राखाडी माती दिसते, कडेला ग्लेझ पातळ होऊन गंजाच्या रंगाचं. काठावर तोच मधाचा पिवळा रंग, जुलैतल्या पहिल्या टाइलवरचा.

बाकीच्यांत एकाचा खांदा जास्त फेसाळून पोपडा निघाला, स्लिप दोनदा लागली होती. एक शेल्फला चिकटलं. बुडापासून बोटभर जागा कोरडी सोडा, हे ग्लेझ जड आहे.

२९ सप्टेंबर

खड्ड्यांच्या काही कडा काचेसारख्या धारदार. कार्बोरंडमच्या दगडानं पाण्याखाली घासल्या. कोरडं घासू नका, ती काचेची धूळ आहे.

पाण्याची परीक्षा: भांडी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. आतलं डस्ट-पोयट्याचं ग्लेझ सलग असलेली भांडी कोरडी राहिली. आत टाचणीची भोकं राहिलेलं एक झिरपलं. फुलं ठेवायला चालतील, पण जेवणाखाण्याला ही भांडी मी देणार नाही. खड्ड्यांत अन्न अडकतं, ते धुऊन निघत नाही.

वर्गातल्या एकानं री यांचा सोनेरी-काशाचा रंग करायचं ठरवलं आहे. तो मँगनीज आणि तांब्यापासून येतो. मँगनीजचा धूर फुप्फुसांना आणि मेंदूला वाईट आणि आमच्या स्टुडिओत एक्झॉस्ट नाही, म्हणून मी त्याला तो रंग करू नको असं सांगितलं. रंग कितीही सुंदर असो.

५ ऑक्टोबर

सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांचा आक्षेप होता: "यात लूसी री कुठे दिसतात?" भांड्याचा आकार त्यांचा नाही, रंग त्यांचा नाही, हे खरंच आहे. मी सांगितलं की कच्च्या भांड्यावर ग्लेझ, विजेची भट्टी आणि ग्लेझच्या पोटातला वायू, या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडून घेतल्या. दगड आणि माती इथली घेतली. त्यांचं म्हणणं काय होतं ते मला हे करताना कळलं, फोटो पाहून कळलं नव्हतं. सरांना पूर्ण पटलं असं वाटलं नाही. मॅडमनी ते भांडं कपाटात ठेवायला मागितलं.

कोणाला करून पाहायचं असेल तर माझं शेवटचं प्रमाण, कोरड्या वजनानं. आतून: डस्ट ६०, पोयटा ४०. बाहेरून: डस्ट ४५, पोयटा ३०, चायना क्ले १५, व्हाइटिंग १०. खड्ड्यांसाठी खालची स्लिप: भांड्याचीच माती, त्यात ६०० नंबरचं सिलिकॉन कार्बाइड तीन टक्के, ब्रशनं एकच हात. भट्टी १२० वर तीन तास (पावसाळा नसेल तर एक पुरे), ६०० पर्यंत सावकाश, ९०० वर एक तास, मग तासाला सव्वाशे अंशांनी १२४० आणि लगेच बंद.

खर्चात सगळ्यात जड पडलं भट्टीचं भाडं, टाइल आणि भांडी धरून साडेसहा हजारांच्या घरात. तयार स्टोनवेअर माती, चायना क्ले आणि व्हाइटिंग मिळून दोन हजारांच्या आत. कार्बाइडचे दोन्ही नंबर मिळून पाचशे. डस्ट आणि पोयटा फुकट. पण प्रत्येक क्रशरची डस्ट सारखी नसते, दगड वेगळ्या थरातला असू शकतो. माझं प्रमाण जसंच्या तसं भांड्यावर लावण्याआधी तुमच्या डस्टची एक टाइल जरूर भाजून बघा, आणि तिच्याखाली वाया जाऊ शकेल असा शेल्फचा तुकडा ठेवा.